लेकरांसह प्रवास करणाऱ्या कुटुंबांसाठी विमानातील आसने कशी असावीत?

प्रश्न: डिझाइनची विद्यार्थिनी, लातूर

नमस्कार. मी इंडस्ट्रियल डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी मी लहान मुलांसह प्रवास करणाऱ्या कुटुंबांची विमानातील बैठक हा विषय घेतला आहे. विषय सुचला तो गेल्या दिवाळीनंतरच्या एका प्रवासात. छत्रपती संभाजीनगरहून दिल्लीला जाताना माझ्या बहिणीला, तिच्या चार वर्षांच्या मुलीला आणि मला तीन वेगवेगळ्या रांगांमध्ये जागा मिळाल्या होत्या. विमान सुटण्याच्या आधीची दहा मिनिटे बहीण प्रत्येकाला विनवीत होती. शेवटी एका वयस्कर गृहस्थांनी स्वतःची खिडकीजवळची जागा सोडली आणि ते मागे मधल्या जागेवर जाऊन बसले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. परंतु एका लेकराने आईजवळ बसणे हे कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून असावे, हे मला तेव्हापासून खटकत राहिले आहे.

माझा प्राथमिक आराखडा असा आहे. ए३२० जातीच्या, एकाच वर्गातील १८० आसनांच्या विमानात शेवटच्या पाच रांगा कुटुंबांसाठी राखून ठेवायच्या. तेथे लातूर–मुंबई एक्स्प्रेसच्या डब्यात असतात तशी समोरासमोर आसने, मध्ये एक घडीचे टेबल आणि पुढच्या प्रवाशांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून जाड पडदा. रेल्वेच्या त्या खणात आमचे सगळे घर मावते, डबा उघडला जातो, लेकरे खालच्या बाकावर झोपतात आणि कोणालाही कोणाकडे मान वळवून पाहावे लागत नाही. तेच सुख विमानात आणता येईल का, असा माझा विचार आहे.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी सांगितले की, कागदावर रेघ ओढण्याआधी प्रवास करणाऱ्यांना विचार. म्हणून येथे विचारते आहे. लेकरांबरोबर विमानात बसल्यावर सर्वांत जास्त अडचण नेमकी कशाची होते? वेगळा विभाग तुम्हाला हवासा वाटेल का? आणि या आराखड्यात तांत्रिकदृष्ट्या काही चुकत असेल, तर तेही स्पष्टपणे सांगावे.

उत्तर: दोन लेकरांची आई, नांदेड

तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण हा त्रास आहे हे कोणी लिहून मांडलेलेच मी पाहिले नव्हते. माझे यजमान बंगळुरूला नोकरीला आहेत, त्यामुळे सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी यांना घेऊन वर्षातून तीन-चार वेळा माझे जाणे-येणे होते. कधी नांदेडहून छोट्या विमानाने, कधी हैदराबादहून मोठ्याने.

छोट्या विमानात वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असतात. आम्ही चौघे असलो की एका बाजूला मी आणि धाकटी, दुसऱ्या बाजूला हे आणि थोरला, अशी वाटणी सहज होते. मी एकटी दोघांना नेते तेव्हा मात्र एक लेकरू वाटेपलीकडे बसते, तेही अनोळखी माणसाशेजारी. वाटेकडेच्या जागेवर लेकरू बसणे मला धोक्याचे वाटते; त्याचा हात किंवा पाय केव्हाही बाहेर येतो आणि तिथूनच गरम चहाची गाडी जात असते. तीन-तीन आसनांच्या विमानात हा प्रश्न सुटतो, म्हणून मी शक्यतो तेच विमान निवडते.

पुढच्या भिंतीसमोरची रांग कुटुंबांना चांगली, असे सगळे सांगतात. एकदा पैसे जास्त भरून मी ती घेतली. पाय पसरायला जागा खरोखर जास्त मिळाली, पण त्या रांगेत ट्रे आसनाशेजारच्या, हात टेकायच्या दांडीत दडवलेला असल्यामुळे दांडी वर उचलता येत नाही. धाकटीला झोप आली तेव्हा तिला माझ्या मांडीवर आडवे करता आले नाही. ती बसल्या जागी मान टाकून झोपली आणि मी पूर्ण वेळ तिचे डोके हाताने धरून ठेवले. शिवाय समोर आसन नसल्याने पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत. डायपर, पाण्याची बाटली, बदलायचे कपडे असलेली पिशवी नेमकी उतरताना वरच्या कप्प्यात बंद होती आणि तिची गरज तेव्हाच पडली.

दुसरी अडचण लाथांची. माझी मुलगी पुढच्या आसनाला लाथा मारते आणि पुढचा प्रवासी मागे वळून पाहतो. मी तिला रागावते, ती दोन मिनिटे थांबते, मग पुन्हा सुरू होते. घरात ती अशी वागत नाही, रेल्वेतही नाही. विमानातच का, हे मला अजून समजलेले नाही.

वेगळ्या विभागाबद्दल माझे मन तयार होत नाही. इंडिगोने २०१६मध्ये पहिल्या चार आणि अकरा ते चौदा या रांगा शांततेसाठी ठेवून तिथे बारा वर्षांखालील मुलांना जागा न देण्याचे ठरवले होते. तेव्हा मला लेकरे नव्हती आणि मला तो निर्णय योग्य वाटला होता. आज शेपटीजवळ पडद्याआड बसवले तर आम्हाला पंगतीतून उठवून वेगळे बसवल्यासारखे होईल. मला वेगळी खोली नको आहे. माझी लेकरे माझ्या हाताच्या अंतरावर हवी आहेत, एवढेच माझे मागणे आहे.

उत्तर: आसन-निर्मितीतील अभियंता, छत्रपती संभाजीनगर

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांची आसने बनवण्याच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत आणि मध्यंतरी काही काळ विमानांच्या आसनांच्या चाचण्यांशीही माझा संबंध आला. आधी तुमच्या आराखड्याबद्दल लिहितो, मग वरच्या ताईंच्या प्रश्नाबद्दल.

रेल्वेचा खण विमानात का आणता येत नाही, याचे कारण धक्का कोठून येतो यात आहे. विमानाचे आसन अचानक थांबण्याच्या धक्क्यासाठी तपासले जाते. १९८८मध्ये अमेरिकेने नवीन विमानांच्या रचनेसाठी जी कसोटी आणली, तिच्यात आसन त्याच्यावर बसवलेल्या बाहुल्यासह रुळावरून सोडून गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट धक्का देतात. ऑक्टोबर २००९नंतर तयार होणाऱ्या प्रवासी विमानांना तेथे ती सरसकट लागू झाली. पुढे तोंड करून बसलेला माणूस या धक्क्यात पट्ट्यावर झेपावतो. मागे तोंड करून बसलेल्याचा सगळा भार मात्र पाठीवर, म्हणजे आसनाच्या पाठीवर येतो. शरीराच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. ब्रिटनच्या हवाई दलाच्या व्हीसी-१० विमानांत आसने मागे तोंड करूनच बसवलेली होती. परंतु त्यासाठी पाठ आणि तिचा पाया जास्त मजबूत, म्हणजेच जास्त जड करावा लागतो. त्यातच दोन्ही बाजू समोरासमोर आल्या की एकीकडून झेपावणाऱ्या माणसाच्या हातापायांच्या वाटेत दुसरीकडचे माणूस येते, आणि मधले टेबल तर दोघांच्याही पोटाशी असते. हे टाळायला मध्ये इतके अंतर सोडावे लागेल की तुमच्या पाच रांगांच्या चारच होतील. विमान कंपनी एका विमानामागे सहा आसने सोडायला तयार होईल, असे मला वाटत नाही.

आता लाथांबद्दल. ताई, आपली मुलगी खोडकर नाही. आसन तिच्या मापाचे नाही. आसनाच्या बैठकीची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचे अंतर, प्रौढ माणसाच्या मांडीच्या मापाने साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर ठेवलेले असते. चार वर्षांच्या मुलाची मांडी पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत ३० सेंटिमीटरच्या आसपास भरते. लेकरू मागे टेकून बसले तर त्याचा गुडघा बैठकीवरच राहतो आणि तो वाकू शकत नाही. पाय सरळ समोर येतात, टाचा कडेच्या पुढे येतात आणि बुटाचे टोक पुढच्या आसनापाशी जाते. पाय खाली सोडायचे तर त्याला पुढे घसरावे लागते, मग पाठ अधांतरी राहते आणि पट्टा कमरेवरून पोटावर चढतो, जे धक्क्याच्या वेळी घातक आहे. रेल्वेच्या बाकावर लेकरू मांडी घालून किंवा आडवे होऊन मोकळे होते, म्हणून तेथे लाथा नाहीत. टेकायला जागा न मिळालेला पाय हलत राहणारच.

याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी डिझाइनच्या विद्यार्थिनीने लक्षात ठेवावी अशी मला तळमळीने सांगावीशी वाटते. ज्या बाहुल्याला बसवून आसनाची धक्का-चाचणी होते, त्याचे वजन ७७ किलो असते. विमान नव्वद सेकंदांत, अर्ध्याच दारांनी रिकामे करून दाखवण्याची जी प्रसिद्ध कसोटी आहे, तिच्या नियमात स्त्रिया किती टक्के, पन्नाशीच्या पुढचे किती टक्के हे सर्व लिहिले आहे; बाळांच्या जागी मात्र खऱ्या बाळाच्या आकाराच्या तीन बाहुल्या नेतात. धोकादायक चाचणीत खऱ्या लेकरांना उतरवू नये, हे अगदी योग्यच आहे. तरीही परिणाम असा होतो की आसनाचा आकार ठरताना लेकरू कोणाच्याच मोजपट्टीखाली येत नाही.

तुमच्या हातात काय आहे, ते सांगतो. विमानातील आसने जमिनीतल्या रुळांवर बसतात आणि रुळांच्या खाचा एकेक इंचावर असतात, त्यामुळे ठरावीक रांगांमधले अंतर इंचाच्या हिशोबाने वाढवता येते. हाताची दांडी पाठीच्या रेषेपर्यंत पूर्ण मागे जाईल, अशी करता येते. बैठकीवर पाठीकडून बसवायची एक टणक उशी आणि पुढच्या कडेखालून निघणारा पाय टेकायचा आधार, या दोन वस्तू मिळून खोलीचा प्रश्न सोडवू शकतील. लांबच्या प्रवासात याचे मोठे रूप आधीच आले आहे: एअर न्यूझीलंडच्या स्कायकाउच रचनेत सलग तीन आसनांचे पाय टेकायचे भाग वर उचलले की पलंगासारखी सपाटी तयार होते आणि लेकरू त्यावर आडवे होते. आपल्या दीड-दोन तासांच्या उड्डाणांना एवढे नको. पण विचाराची दिशा तीच आहे. रांग कुटुंबाला जुळवून घेणारी करा, स्वतंत्र खोली करू नका.

एक बारकावाही नोंदवून ठेवा. ऑक्सिजनचे मास्क आसनांपेक्षा किमान दहा टक्के जास्त असावे लागतात, आणि तीन आसनांच्या गटावर सहसा चार मास्क असतात. म्हणूनच एका बाजूच्या तीन आसनांत मांडीवरचे एकच बाळ बसवतात. जुळ्यांच्या आईवडिलांना वेगळे बसवले जाते, ते याच कारणाने. कुटुंबांसाठी ठरवलेल्या रांगांवर मास्कची संख्या वाढवण्याचा विचार तुमच्या आराखड्यात जरूर असावा.

उत्तर: बालरोगतज्ज्ञ, परभणी

अभियंता महोदयांनी चार वर्षांच्या लेकराची बाजू मांडली. मला त्याहून लहान, मांडीवरच्या बाळांबद्दल लिहायचे आहे, कारण माझ्या दवाखान्यात ‘डॉक्टर, विमानाने नेऊ का?’ हा प्रश्न आता दर आठवड्याला येतो.

दोन वर्षांखालील बाळाला स्वतंत्र आसन घ्यावे लागत नाही. आईच्या पट्ट्याच्या कडीत ओवलेल्या छोट्या पट्ट्याने त्याला मांडीवर बांधतात. आपल्याकडे आणि युरोपात ही पद्धत चालते. अमेरिकेत मात्र उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी तो पट्टा वापरू देत नाहीत, कारण जोराच्या धक्क्यात आईचे शरीर पुढे दुमडते आणि पट्ट्याने जागेवर धरलेले बाळ मध्ये चेपले जाते. म्हणजे तेथे बाळ नुसते हातात असते, आणि तेही सुरक्षित नाही. १९ जुलै १९८९ रोजी आयोवा राज्यातील सू सिटी येथे युनायटेडचे २३२ क्रमांकाचे विमान बिघाड होऊन कोसळत उतरले, तेव्हा मांडीवरच्या बाळांना त्या वेळच्या पद्धतीनुसार आईच्या पायांशी जमिनीवर ठेवायला सांगितले गेले होते. त्यांतील एक बाळ वाचले नाही. त्या विमानातील मुख्य हवाई सेविकेने पुढे अनेक वर्षे, प्रत्येक बाळाला स्वतःचे आसन आणि स्वतःचा पट्टा असावा, यासाठी पाठपुरावा केला.

तरीही तसा नियम अमेरिकेने केला नाही. २००५मध्ये तेथील विमान वाहतूक प्रशासनाने कारण दिले की, बाळाचे तिकीट सक्तीचे केले तर कित्येक कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावरचा धोका विमानापेक्षा खूप जास्त आहे. आपल्या भागातून रात्रीच्या खासगी बसने पुण्याला जाणारी कुटुंबे रोज पाहणाऱ्या माणसाला हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, सक्ती न करता, कुटुंबांच्या रांगेत लेकराला बांधण्याची सोय आसनातच अंगभूत असावी. घरून काही आणावे लागू नये. दहा ते वीस किलो वजनाच्या मुलांसाठी खांद्यांवरून येणारा आणि आसनाच्या पाठीला वेढा घालणारा पट्टा अमेरिकेत २००६पासून मान्य आहे; घडी केल्यावर तो लहान पिशवीत मावतो. विमानातच असे चार-सहा पट्टे ठेवले, तर कितीतरी आईवडिलांची चिंता मिटेल.

बाळाच्या पाळण्याबद्दलही थोडे लिहितो. लांबच्या उड्डाणांत पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो, परंतु उड्डाण, उतरणे आणि हादरे या तिन्ही वेळी बाळाला त्यातून काढावे लागते. आपल्या शेतांत आया लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून कामाला लागतात. त्या झोळीत बाळ सर्व बाजूंनी वेढलेले असते, म्हणून शांत झोपते. विमानातील पाळण्याची पेटी उघडी आणि ताठ असते. झोळीचा वेढा त्या पेटीत कसा आणता येईल, हा विषय एखाद्या मराठवाड्यातील विद्यार्थिनीनेच हाती घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

शेवटी कानांबद्दल. उंचावर असताना केबिनमधील हवेचा दाब साधारण आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा, इतका कमी झालेला असू शकतो. विमान उतरू लागले की तो वाढतो, आणि बाळाची कान व घसा जोडणारी नळी अरुंद असल्याने कानाच्या पडद्यावर ताण येतो. गिळल्याने ती नळी उघडते, म्हणून उतरताना बाळाला पाजावे. आता पाहा: नेमक्या त्याच वेळी आसन सरळ करायला सांगतात, पिशवी वर गेलेली असते आणि आईच्या एका बाजूला परका माणूस बसलेला असतो. पाजणाऱ्या आईला खिडकीकडची जागा आणि कोपर टेकायला उंच आधार मिळाला, तर बाळाचे रडणे निम्मे कमी होईल. ज्या रडण्यासाठी तुम्ही पडदा लावू पाहत आहात, त्यातले बरेचसे कानाच्या दुखण्याचे असते.

उत्तर: निवृत्त शिक्षक, धाराशिव

मी लेकरांचा आजोबाही आहे आणि एकटा प्रवास करणारा म्हातारा प्रवासीही, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकतो. कोणाच्या लेकरासाठी जागा सोडायला मी नेहमी तयार असतो, परंतु गुडघ्याच्या दुखण्यामुळे मी पैसे भरून वाटेकडची जागा घेतलेली असते आणि ती सोडली की प्रवास अवघड जातो. आई विनवते, मला नाही म्हणवत नाही, आणि दोघांनाही अपराधी वाटते. ही परिस्थिती दोघांपैकी कोणीही निर्माण केलेली नसते.

एप्रिल २०२४मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सूचना दिली की, एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, वडील किंवा पालक यांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी आणि त्याची नोंद ठेवावी. ब्रिटनमध्येही लेकरू शक्यतो मोठ्या माणसाच्या रांगेत आणि ते न जमल्यास एका रांगेपेक्षा दूर नसावे, असे मार्गदर्शन आहे. आणीबाणीत आई उलट दिशेने लेकराकडे धावली, तर सगळ्यांचीच वाट अडते. आपल्या देशातील या सूचनेची माहिती मात्र लोकांना नाही. आपल्या बहिणीचे, लेकराचे आणि आपले तिकीट एकाच पीएनआरवर होते का, हे पाहावे. वेगवेगळी काढलेली तिकिटे संगणकाला एक कुटुंब म्हणून दिसत नाहीत.

एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. विमानात दोन वर्षे पूर्ण झाली की लेकराला स्वतःचे आसन घ्यावेच लागते आणि भाडे जवळपास मोठ्यांइतकेच पडते. मग पूर्ण भाडे घेतलेल्या प्रवाशाच्या मापाचे आसन देणे हे कंपनीचे कर्तव्य ठरते, असे मला वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिकिटे तपासली. बहिणीचे आणि मुलीचे तिकीट मेहुण्यांनी आधी काढले होते, त्या दोघींचा पीएनआर एकच होता. माझे मी नंतर काढले. म्हणजे त्या दोघींना तरी शेजारी जागा मिळायला हवी होती.

समोरासमोरच्या आसनांचा आणि पडद्याचा आराखडा मी मागे घेत आहे. आता मी तीन आसनांची एकच रांग घेऊन काम करणार आहे: दांड्या पाठीच्या रेषेपर्यंत जाणाऱ्या, खिडकीकडच्या आसनाला पाजणाऱ्या आईसाठी कोपराचा आधार, मधल्या आसनाला पाठीकडून बसणारी उशी, पाय टेकायची पट्टी आणि खांद्यावरच्या पट्ट्याची अंगभूत जागा. वाटेकडचे आसन मोठ्या माणसाचे राहील, म्हणजे लेकरू चहाच्या गाडीपासून दूर राहील. दोन-दोन आसनांच्या विमानासाठी यातले किती लागू पडेल, ते मला अजून जमवायचे आहे. एकट्या आईबरोबर दोन लेकरे असतील तर काय करावे, हे सुटलेले नाही. झोळीचा विषय एवढा मोठा आहे की तो या प्रकल्पात कोंबणे योग्य होणार नाही, पण तो मी सोडणार नाही.

उशीची जाडी ठरवण्यासाठी मला आपल्याकडच्या लेकरांची मापे हवी आहेत. दोन ते आठ वर्षांच्या मुलाला भिंतीला पाठ टेकवून ताठ बसवावे आणि भिंतीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत, तसेच खळगीपासून टाचेपर्यंत टेपने मोजावे. नाव नको, फक्त वय आणि दोन आकडे लिहावेत.

उत्तर: दोन लेकरांची आई, नांदेड

आत्ताच मोजले. मुलगी, चार वर्षे दोन महिने: मांडी २९ सेंटिमीटर, खळगीपासून टाच २५. मुलगा, सात वर्षे: मांडी ३७, टाच ३२. म्हणजे सात वर्षांच्या मुलाचाही गुडघा आसनाच्या कडेपर्यंत पोहोचत नाही, आणि त्यालाही मी रागावत होते. शेजारच्या वाड्यात आणखी पाच लेकरे आहेत. त्यांची मापे उद्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर पाठवते.